रिफ्लेक्टर जॅकेट: घेताना, वापरताना, धुताना आणि बाद करताना

रात्री उशिरा पुण्याचे रस्ते डंपर आणि आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्यांच्या ताब्यात असतात. नेमकी त्याच वेळी रस्ता खोदणारी, केबल ओढणारी, डांबर टाकणारी माणसंही तिथेच काम करत असतात. दोघांच्या मध्ये चार शंकू, एक बॅरिकेड आणि अंगातलं जॅकेट. शंकू आणि बॅरिकेडबद्दल ठेकेदार थोडाफार विचार करतो. जॅकेटच्या बाबतीत मात्र 'शंभर नग आणा, केशरी' एवढंच बोलणं होतं आणि विषय संपतो.

बहुतेक साइटच्या स्टोअरमध्ये हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि जॅकेट एकाच रॅकवर आणि एकाच रजिस्टरात असतात. घोळ तिथूनच सुरू होतो. जॅकेट हा हातमोज्यांसारखा खपणारा माल आहे. तो काही महिन्यांत संपतो. फाटून संपला तर कळतं तरी, पण बहुतेक वेळा तो न फाटता संपतो. कापड शाबूत, चेन शाबूत, आणि रात्री हेडलाइट पडला की पट्टी करडीच्या करडी. असं जॅकेट घातलेला माणूस 'मी दिसतोय' या भरवशावर रस्त्याकडे पाठ करून वाकतो. जॅकेटच नसतं तर त्याने निदान मान वळवून पाहिलं असतं.

कापडाचं काम वेगळं, पट्टीचं वेगळं

जॅकेटात दोन स्वतंत्र वस्तू शिवलेल्या असतात. पिवळं किंवा केशरी फ्लुओरोसंट कापड उजेडातले अतिनील आणि निळे किरण शोषून त्यांचं पिवळ्या-केशरी उजेडात रूपांतर करतं. म्हणून ढगाळ दिवशी, पहाटे आणि कातरवेळी ते साध्या रंगापेक्षा जास्त उठून दिसतं. पुण्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, तेव्हा दिवसा सगळी भिस्त या कापडावरच असते. अंधार पडला की त्याचं काम संपतं. जुन्या सोडियम दिव्याखाली तर उजळ केशरी कापड आणि मळका सदरा यांत फारसा फरक उरत नाही.

रात्रीचं काम चंदेरी पट्टीचं. तिच्यात स्वतःचा उजेड नसतो. करड्या कापडी पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक काचेचे मणी बसवलेले असतात आणि त्यांच्या मागे ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला तो परत पाठवला जातो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर अवलंबून आहे. परत आलेला प्रकाश दिव्याच्या आसपासच्या अरुंद झोतातच दिसतो. कारमध्ये चालकाचे डोळे दिव्यापासून साधारण अर्धा-पाऊण मीटर वर असतात, त्यामुळे त्याला पट्टी लख्ख दिसते. ट्रक, डंपर किंवा पीएमपीच्या बसमध्ये हेच अंतर मीटरभर किंवा त्याहून जास्त असतं. म्हणजे तीच पट्टी, त्याच अंतरावरून, ट्रकवाल्याला कारवाल्यापेक्षा फिकी दिसते. रात्री साइटला सगळ्यात मोठा धोका ज्या गाड्यांचा, त्यांच्याच चालकांना पट्टी सगळ्यात कमी दिसते. 'काठावर पास' पट्टी घ्यायची नाही ती याचसाठी.

अंतराचा हिशेबही सोपा आहे. आपल्याकडे रस्त्याची आखणी करताना धरलं जाणारं थांबण्याचं अंतर ताशी ६० किलोमीटरला ८० मीटर आणि ताशी १०० ला १८० मीटर आहे. कात्रज-देहूरोड बायपासवर नवले पुलाच्या उताराला रात्री गाड्या कोणत्या वेगाने येतात ते पुणेकरांना सांगायला नको. तिथे काम करणारा माणूस दीडशे-दोनशे मीटरवरून ओळखू यायला हवा, आणि तोही 'काहीतरी चमकतंय' असा नको, 'माणूस आहे' असा ओळखू यायला हवा. नुसती छातीवरची पट्टी दुरून बॅरिकेडच्या पट्टीसारखीच दिसते. हातापायांवर पट्टी असली की हालचालीवरून माणूस चटकन ओळखू येतो. फ्लॅगमनला, म्हणजे झेंडा दाखवून वाहतूक अडवणाऱ्याला, बाह्यांचं जॅकेट द्यायचं ते एवढ्यासाठीच.

जाता जाता फ्लडलाइटबद्दल. कामाच्या जागी लावलेला दिवा येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून असेल तर चालकाचे डोळे दिपतात आणि दिव्यासमोरची माणसं नुसत्या काळ्या आकृत्या होतात. त्यापुढे कितीही चांगलं जॅकेट काही करू शकत नाही. दिवा उंच लावा, खाली झुकवा, वाहतुकीच्या दिशेला पाठ करून लावा.

वर्ग पहिला, दुसरा, तिसरा

जगभर चालणारं मानक आयएसओ २०४७१. भारतीय मानक आयएस १५८०९. आयएसओमध्ये तीन वर्ग आहेत आणि वर्ग ठरतो तो कापड आणि पट्टी किती क्षेत्रफळाची आहे यावर. पहिल्या वर्गात कापड किमान ०.१४ आणि पट्टी ०.१० चौरस मीटर. दुसऱ्यात ०.५० आणि ०.१३. तिसऱ्यात ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर.

दुकानात चौरस मीटर कोण मोजणार? टेप घ्या आणि पट्टीची लांबी मोजा. ५० मिलिमीटर रुंद पट्टी दुसऱ्या वर्गाला एकूण २ मीटर ६० सेंटिमीटर लागते, तिसऱ्याला ४ मीटर. मध्यम साइझच्या जॅकेटात कमरेभोवतीची एक पट्टी साधारण १ मीटर १० सेंटिमीटर भरते. खांद्यावरून पुढे-मागे जाणाऱ्या दोन पट्ट्या मिळून दीड-पावणेदोन मीटर. म्हणजे हा आराखडा काठावर बसतो, आणि लहान साइझमध्ये बसेलच असं नाही. कमरेला दोन आडव्या आणि खांद्यावर दोन उभ्या असतील तर निश्चिंत राहता येतं. बाजारात ज्याला सर्रास सेफ्टी जॅकेट म्हणतात त्याची पट्टी पुष्कळदा एक इंची असते. ते कोणत्याच वर्गात बसत नाही, मग लेबलवर काहीही छापलेलं असो.

वर्ग कुठे कोणता? आजूबाजूची वाहतूक ताशी ६० पर्यंत असेल तर दुसरा, त्यापुढे तिसरा. गेटच्या आतल्या, गाड्या रांगत चालतात अशा आवारात पाहुण्यांना पहिला वर्ग चालून जातो, पण मी तोही ठेवत नाही. स्टोअरमध्ये दोन प्रकार असले की हलका प्रकार हमखास रस्त्यावर जातो. बिनबाह्यांचं जॅकेट एकटं कधीच तिसऱ्या वर्गाचं होत नाही. बाह्या हव्यात, नाहीतर जोडीला पट्टीची पँट हवी. बिनबाह्यांच्या जॅकेटच्या लेबलवर ३ आकडा दिसला की ते खाली ठेवायचं आणि त्या दुकानदाराचा बाकीचा मालही संशयाने पाहायचा.

दुकानात उभं असताना

बोहरी आळीत, भोसरीच्या सेफ्टीवाल्यांकडे किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, आधी आतलं लेबल वाचा. मानकाचा क्रमांक, जॅकेटच्या चित्राशेजारी वर्गाचा आकडा, साइझ, बनवणाऱ्याचं नाव आणि धुण्याच्या खुणा असायला हव्यात. धुण्याच्या खुणेशेजारी बऱ्याचदा 'कमाल २५ वेळा' अशा अर्थाचा आकडा असतो. पुढचा सगळा हिशेब त्यावर करायचा आहे. चित्राशेजारी दोन आकडे आणि ईएन ४७१ असं छापलेलं असेल तर ते २०१३ पूर्वीचं युरोपीय मानक. एवढा जुना माल आजवर पडून राहिला असण्यापेक्षा कुणीतरी जुनं लेबल नकललेलं असण्याची शक्यता जास्त. आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबतचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहा, मिनिटभराचं काम आहे. छापील चिन्हावर नुसता विश्वास टाकू नका.

मग पट्टी. फोनचा टॉर्च लावा, फोन कानाशी, डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लटकवलेल्या जॅकेटकडे दहा पावलांवरून पाहा. चांगली पट्टी पांढरीशुभ्र पेटते. नुसता चंदेरी रंग दिलेली पट्टी करडीच राहते. आता टॉर्च हात लांब करून डोळ्यापासून दूर न्या. चांगली पट्टीसुद्धा फिकी पडेल. ट्रकवाल्याला नेमकं काय दिसतं ते इथे प्रत्यक्ष दिसतं. दोन कंपन्यांचे नमुने शेजारी शेजारी टांगून पाहिले तर कोणता घ्यायचा हे वेगळं विचारावं लागत नाही. नव्या पट्टीसाठी मानकातला चमकेचा किमान आकडा ३३० आहे. एककाच्या भानगडीत न पडता पुरवठादाराकडे त्याचा चाचणी अहवाल मागा आणि अहवालावरचा पट्टीचा प्रकार व समोरच्या मालावरचा प्रकार एकच आहे का ते पाहा.

पांढऱ्या रुमालाने पट्टी वीसेक वेळा जोरात घासा. रुमालावर करडी भुकटी उतरली तर मणी धड बसलेले नाहीत, पहिल्या पाच-सहा धुण्यांत पट्टी जाणार. पट्टीची शिवण दोन्ही कडांनी असावी. एकाच कडेने शिवलेली पट्टी दुमडते, तिच्यात सिमेंट भरतं आणि मग ती सुटते.

यानंतरची तपासणी बहुतेक लोक विसरतात. जॅकेट अंगात घालून बाजूने पाहा. स्वस्त जॅकेटात पुढचा आणि मागचा तुकडा काखेखाली नाडीने किंवा इलॅस्टिकने जोडलेला असतो आणि पट्टी तिथे तुटते. मानकानुसार अशी फट ५० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. खड्ड्यात वाकलेला, फावडं मारणारा किंवा केबल ओढणारा माणूस वाहतुकीला बहुतेक वेळ कुशीने दिसतो. पट्टी पुढे-मागे झकास आणि कुशीला काहीच नाही, अशा जॅकेटचा त्याला काय उपयोग?

किमतीबद्दल थोडक्यात. शंभराच्या आतलं जॅकेट रस्त्यावरच्या कामासाठी नसतं. ते गणपतीच्या बंदोबस्ताला, पालखीच्या पाणीवाटपाला, मॅरेथॉनला ठीक आहे. उत्सव संपला की तेच गठ्ठे साइटवर येतात, तेवढं टाळा.

रंग

पिवळा की केशरी यावर साइटवर उगाच वाद होतात. प्रश्न एवढाच की मागे काय आहे. मागे पिवळी जेसीबी उभी असेल, पिवळे बॅरिकेड असतील तर पिवळं जॅकेट त्यात मिसळतं, तिथे केशरी घ्या. केशरी जाळी, केशरी शंकू आणि लाल माती असेल तर पिवळं घ्या. पावसाळ्यात ताम्हिणीच्या किंवा सिंहगडाच्या बाजूला रस्त्याचं काम असेल तर हिरवळीवर केशरी जास्त उठतं.

दुसरी भानगड म्हणजे हुद्द्याप्रमाणे रंग. इंजिनिअरला निळं, पाहुण्यांना लाल, इलेक्ट्रिशियनला जांभळं. मानकात फ्लुओरोसंट पिवळा, केशरी-लाल आणि लाल एवढेच रंग बसतात. निळं आणि जांभळं जॅकेट हा नुसता गणवेश झाला. माणसं ओळखायची असतील तर हेल्मेटचे रंग आहेत, नाहीतर कॉलरला रंगीत पाइपिंग लावा.

कंपनीचं नाव छापायलाही मर्यादा आहे. पाठीवर ३० बाय २० सेंटिमीटरचा छापा म्हणजे ०.०६ चौरस मीटर कापड गेलं. दुसऱ्या वर्गाच्या जॅकेटात एवढं फालतू कापड बहुधा शिल्लक नसतं. नाव छातीवर, तळहाताएवढं पुरे. पट्टीवर तर काहीच छापायचं नाही, नंबरसुद्धा नाही.

कुणाला कोणतं

बार बेंडरला, म्हणजे सळया वाकवून बांधणाऱ्याला, जाळीचं जॅकेट देऊ नका. सळईचं टोक आणि बाइंडिंग वायर जाळीत अडकते, आठवड्यात चिंध्या होतात. मुख्य म्हणजे अडकलेला माणूस तोल जाऊन पडतो. त्याला विणलेलं सलग कापड, अंगाबरोबर बसणारं. जाळीचं जॅकेट एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या राहणाऱ्या फ्लॅगमनसाठी आणि सर्व्हेवाल्यांसाठी राखून ठेवा.

बार बेंडिंग मशीन, मिक्सर, कन्व्हेयर यांच्याजवळ चेनचं जॅकेट नको. खांद्यावर, दोन्ही कुशींना आणि पुढे असं पाच ठिकाणी वेल्क्रो असलेलं, ओढलं गेल्यास सुटून येणारं मिळतं, ते द्या. वेल्क्रोत सिमेंट आणि दोरे भरले की ते धरत नाही. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने साफ केलं तर जॅकेटएवढं टिकतं. चेनचं उलट असतं, सिमेंटची स्लरी (पातळ राबडी) गेली की चेन कायमची अडकते आणि मग लोक जॅकेट उघडंच ठेवून फिरतात. उघड्या जॅकेटची पुढची पट्टी दोन्हीकडे कुशीला सरकते.

वेल्डिंग आणि गॅस कटिंगवाल्यांना साधं पॉलिस्टरचं जॅकेट घालायला लावणं धोक्याचं. ठिणगी पडली की पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. त्यांच्यासाठी आग न पकडणाऱ्या कापडाचं, तशीच पट्टी लावलेलं जॅकेट वेगळं येतं, महाग असतं. दोन-चार वेल्डर असतील तर तेवढेच नग घ्या आणि त्यांच्या नावावर टाका.

उंचीवर काम करणारा जॅकेटवर फुल बॉडी हार्नेस चढवतो आणि हार्नेसचे पट्टे नेमके खांद्यांवरच्या रिफ्लेक्टर पट्ट्यांवर येतात. त्याच्यासाठी कमरेला दोन आडव्या पट्ट्या असलेला प्रकार बघा, किंवा पाठीवर डी-रिंग (हार्नेसची दोर अडकवायची कडी) बाहेर काढायला शिवलेली फट असलेला. कात्रीने पाठीला भोक पाडून फट करू नका. तिथून शिवण उसवत जाते.

साइटवरच्या बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात आणि त्यावर जॅकेट. पदर डोक्यावरून घेतला की तो मागची पट्टी पूर्ण झाकतो. पदर आधी शर्टाच्या आत खोचून वरून जॅकेट घालायचं, हे मुकादमाने पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. वेल्क्रो साडीचे धागे ओढतं म्हणून त्या जॅकेट उघडं ठेवतात. त्यांना चेनचं किंवा बटणाचं द्या, पण मिक्सरपासून लांब काम असेल तरच. साइझही बघा. सगळीकडे एक्सएल मागवलं जातं, आणि डोक्यावर घमेलं घेऊन चालणाऱ्या बारीक अंगाच्या बाईच्या गुडघ्यापाशी कमरेची पट्टी लोंबते.

आणि पाऊस. पुण्यात वर्षातले चार महिने जॅकेटवर रेनकोट चढतो आणि जॅकेट गायब होतं. काळा किंवा निळा रेनकोट घातलेला माणूस रात्री पावसात रस्त्यावर म्हणजे काही न घातल्यासारखंच. एकतर पट्टीचा फ्लुओरोसंट रेनकोट घ्या, नाहीतर जॅकेट दोन साइझ मोठं घेऊन रेनकोटवरून घाला. पट्टीचाही फरक पडतो. उघड्या मण्यांच्या कापडी पट्टीवर पाण्याचा थर बसला की प्रकाश नीट वळत नाही, ओल्या पट्टीची चमक बरीच घटते. चकचकीत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांची पीव्हीसी पट्टी मिळते. तिच्यात सूक्ष्म लोलक प्लास्टिकच्या थराखाली बंद असतात, म्हणून पावसात ती जास्त चांगली दिसते आणि फडक्याने पुसता येते. मात्र ती कापू नका. ज्या कप्प्यात पाणी शिरतं तो कप्पा काळा पडतो. सततच्या उन्हात ती ताठर होऊन तडकतेही. म्हणून पावसाळ्यात पीव्हीसी आणि बाकी आठ महिने कापडी, हे आपल्या हवेला मानवतं.

धुणं

सगळ्यात जास्त जॅकेटं इथे मरतात. धुतलंच नाही तर धुळीखाली पट्टी मरते, आणि चुकीचं धुतलं तर एका दिवसात मरते. दगडावर धोपटणं, निळ्या वडीचा साबण आणि प्लास्टिकचा ब्रश, ही लेबर कॅम्पमधली धुण्याची पद्धत मण्यांसाठी पॉलिश पेपर आहे.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा कोरडं झटका. सिमेंट लागलेलं जॅकेट थेट पाण्यात बुडवायचं नाही. सिमेंट ओलं झालं की तीव्र अल्कली तयार होते आणि मण्यांमागचं ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळतं. उलटं करून आतल्या बाजूने हाताने थापटा, कापडावरून मऊ ब्रश फिरवा, पट्टीवरून नाही. मग खिसे रिकामे करा, चेन आणि वेल्क्रो बंद करा, जॅकेट उलटंच ठेवा.

बादलीत १० लिटर साधं किंवा कोमट पाणी, तापमान ४० अंशांच्या आत. त्यात २० ते ३० मिलिलिटर सौम्य द्रव साबण, लोकरी कपड्यांसाठी मिळतो तसला. एका वेळी पाच जॅकेटं, जास्त कोंबू नका. दहा-पंधरा मिनिटं भिजवा, हाताने खालीवर करा, कॉलर आणि काखेची बाजू हलके चोळा. पट्टी मऊ फडक्याने एकाच दिशेने पुसा. स्वच्छ पाण्यातून तीनदा काढा. पिळू नका, दाबून पाणी काढा. खांद्याने हँगरवर, सावलीत वाळवा. तारेवर मधोमध दुमडून टाकलं की पट्टीला कायमची घडी पडते आणि ती तिथूनच तडकते. इस्त्री करू नका.

धुण्याचा सोडा, ब्लीच, भट्टी आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर, चारही बंद. सोडा आणि ब्लीच दोन्ही अल्कलीच, आणि अल्कली ॲल्युमिनियमचं काय करते ते वर आलंच. कंडिशनर पट्टीवर मेणासारखा थर सोडतं. म्हणूनच जॅकेटं धोब्याकडे गठ्ठ्याने टाकायची नाहीत, कितीही सोयीचं वाटलं तरी. मशीन असेल तर नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, अर्धा भरलेला ड्रम, कमी फिरकी.

पाण्याचाही प्रश्न आहे. खडकवासल्याचं नळाचं पाणी येतं तिथे काही त्रास नाही. वाघोली, हिंजवडीकडच्या कॅम्पवर बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असतं, त्यात साबण फुटतो आणि पट्टीवर पांढुरकी साय बसते. तिथे साबण अर्धा करा आणि शेवटी पट्टी नळाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या. पट्टी मेली असं वाटणारी निम्मी जॅकेटं एवढ्याने जिवंत होतात.

डांबर लागलं तर डिझेलने पुसू नका. सगळे पुसतात, माहीत आहे. डिझेल पट्टीचा गोंद सोडवतं आणि कापडात राहिलेलं डिझेल पेट घेतं. डांबराचा डाग तळहातापेक्षा मोठा असेल तर जॅकेट बाद.

किती घ्यायची आणि कधी टाकायची

माणशी दोन. एक अंगात, एक धुण्यात. दिवसपाळीचं जॅकेट रात्रपाळीला देऊ नका. घामाचं ओलं जॅकेट कुणी नीट घालत नाही, खांद्यावर टाकून फिरतं. ८० माणसांची साइट असेल तर १६०, त्यावर दहा टक्के म्हणजे १६, आणि गेटवर पाहुण्यांसाठी १५. एकूण १९१, म्हणजे २०० मागवा.

लेबलवर २५ धुणी लिहिली असतील आणि प्रत्येक जॅकेट आठवड्यातून एकदा धुतलं जात असेल तर २५ आठवडे, सहा महिन्यांना थोडं कमी. पावसाळ्यात चिखलामुळे आठवड्यातून दोनदा धुवावं लागतं, तेव्हा तेच जॅकेट तीन महिन्यांत संपतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटलेला माल गणपतीच्या सुमारास गेला असं धरा आणि ऑर्डर ऑगस्टमध्येच टाका. २५ हा आकडा म्हणजे हमी नाही. प्रयोगशाळेतल्या धुण्यात सळया, वाळू आणि उन्हाळा नसतो. शिवाय केबिनच्या काचेमागे किंवा जेसीबीच्या सीटच्या पाठीवर दिवसभर टांगलेलं जॅकेट न घालताच उडतं. उन्हात फ्लुओरोसंट रंग सगळ्यात आधी जातो.

जॅकेटच्या आतल्या कडेला कायमच्या मार्करने वाटपाचा महिना आणि नंबर लिहा. प्रत्येक लॉटमधलं एक नवं जॅकेट काळ्या पिशवीत घालून स्टोअरच्या कपाटात ठेवा. ते कधीच कुणाला द्यायचं नाही. महिन्यातून एकदा, अंधार पडल्यावर, सगळी जॅकेटं दोरीवर टांगा, शेजारी ते कपाटातलं, आणि १५ मीटरवरून फोनचा टॉर्च डोळ्याशी धरून पाहा. फ्लॅश लावून फोटोही काढा, फरक फोटोत जास्त ठळक येतो आणि रेकॉर्डला राहतो. रंगाची तुलना दुसऱ्या दिवशी सकाळी सावलीत करा. ८० जॅकेटांना अर्धा तास पुरतो.

नव्याच्या शेजारी पट्टी उघड उघड फिकी दिसली, बोटभर लांबीची पट्टी सुटली किंवा काळी पडली, पिवळ्याचा लिंबू-पांढरा किंवा केशरीचा फिका गुलाबी-पीच झाला, कुशीला फाटलं, वेल्क्रो धरेनासं झालं, तर ते बाद. पट्टीवर दुसरी पट्टी शिवून दुरुस्ती करायला जाऊ नका. उसवलेली शिवण घालणं आणि वेल्क्रो बदलणं एवढीच दुरुस्ती चालते. रेडियमच्या दुकानातली गाडीला चिकटवायची पट्टी जॅकेटवर चिकटवणं हा तर निव्वळ वेळेचा अपव्यय, दुसऱ्या धुण्याला ती हातात येते.

बाद जॅकेट कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने पाठीवर उभं कापा आणि पट्ट्या फाडून काढा. अख्खं टाकलं तर ते भंगारवाल्याकडून फिरून दुसऱ्या साइटवर जातं, किंवा तुमच्याच कंपनीचं नाव पाठीवर घेऊन कुणीतरी गेटातून आत येतं. कापलेल्याची नोंद त्याच रजिस्टरात, वाटपाच्या नोंदीसमोर करा. नवं जॅकेट जुनं जमा केल्यावरच द्यायचं. हरवलं म्हणणाऱ्यालाही द्यायचं, पण पैसे कापायचे नाहीत. पैसे कापायला लागलं की लोक मेलेली जॅकेटं जपून ठेवतात.